पुण्यात घर, मुंबईत नोकरी: रोज अप-डाऊन की आठवडाभर खोली?

मुंबईची नोकरी चालून आलीय, घर पुण्यात आहे आणि हो म्हणायला चारच दिवस आहेत, अशा अवस्थेत ओळखीतली माणसं मला फोन करतात. विचारायचं असतं ते एकच. रोज अप-डाऊन करावं, की तिकडे खोली घेऊन शनिवार-रविवारी घरी यावं? मी आधी अप-डाऊन केलं, नंतर परळला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिले. दोन्हींत काय हाती लागतं आणि काय निसटतं ते इथे समोरासमोर मांडते. बिऱ्हाडच मुंबईला हलवण्याचा तिसरा मार्गही आहे, त्याकडे नंतर येते.

घड्याळाचा हिशोब

डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५ ला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला पोचते. परतीला ती ५.१० ला निघते आणि साडेआठच्या सुमारास पुण्यात येते. म्हणजे ऑफिस अगदी फोर्टात असलं, तरी टेबलाशी बसायला जेमतेम सहा तास मिळतात. एवढ्यावर पूर्ण दिवस मानणारं ऑफिस मिळणं कठीण. सिंहगड एक्स्प्रेस धरली तर सकाळी सहाच्या सुमाराला पुणं सोडायचं, संध्याकाळी ५.५० ला सीएसएमटीहून निघायचं आणि पुण्यात उतरायला पावणेदहा-दहा. ऑफिसचे तास बऱ्यापैकी भरतात, पण घरी मुलं झोपलेली असतात. कोथरूड किंवा सिंहगड रोडला राहणाऱ्यांनी स्टेशनपर्यंतचा वेळ दोन्ही वेळा वेगळा धरायचा.

मंत्रालयात किंवा मुंबईतल्या दुसऱ्या सरकारी कार्यालयात बदली झाली असेल, तर हे आधी तपासा. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. शनिवार सुटला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर कार्यालयाची वेळ ९.४५ ते ६.१५ झाली, आणि या वेळेत वरच्या दोन्ही गाड्या बसत नाहीत. सकाळी पोचायला उशीर, संध्याकाळी गाडी आधीच गेलेली. तुमच्या साहेबांनी वेळेत सवलत दिली तरच अप-डाऊनचा विचार करा, आणि ते साहेब बदलून गेल्यावर काय, याचाही आधीच विचार करा.

गाडीतला वेळ वाया जात नाही, पण घरचाही होत नाही

अप-डाऊनबद्दल लोक हळहळतात तेवढं ते वाईट नाही, हे मला मनापासून सांगायचंय. पासधारकांच्या डब्यात लोणावळ्यापर्यंत निम्मी माणसं झोपलेली असतात. घाट उतरून कर्जत मागे पडलं की एकेकाचे फोन सुरू होतात. संध्याकाळी कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लागतात, तेवढ्यात वडे घेऊन माणसं परत चढतात आणि मग पुण्यापर्यंत गप्पा. आमच्यातल्या एकीने खात्याच्या परीक्षेचा सगळा अभ्यास या गाडीत केला. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, आणि तिचा वाढदिवस प्रवासी आजही पुणे स्टेशनवर साजरा करतात. असा गोतावळा परळच्या खोलीत मला कधी मिळाला नाही.

हा वेळ तुमचा स्वतःचा असतो, हे खरं. मात्र त्यात मुलीच्या वेण्या घालता येत नाहीत, आणि सासऱ्यांना डॉक्टरकडे नेता येत नाही. अप-डाऊन करणाऱ्याला स्वतःसाठी वेळ नसतो असं सर्रास म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. वाचन झालं, झोप झाली, मैत्रिणी मिळाल्या. कमी पडला तो घरच्यांबरोबर जागेपणी घालवायचा वेळ.

खोली घेतली की संध्याकाळ कोणाची?

खोली घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच शरीर ओळखू येईनासं होतं. सात तास झोप, सकाळी चालणं, कंबर दुखायची थांबते. डबा लावला की स्वयंपाकाचीही कटकट नाही. कागदावर रोजचे तीन-चार तास मोकळे होतात.

ते तास टिकत नाहीत, आणि या सगळ्या तुलनेत मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. अप-डाऊन करणाऱ्याची गाडी ५.१० ला आहे हे ऑफिसात सगळ्यांना पाठ असतं. पावणेपाचला तुम्ही बॅग उचलली की कोणी अडवत नाही, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही. खोलीत राहायला लागलात की ती आड निघून जाते. ‘तुला काय, इथेच तर राहायचंय’ हे वाक्य मी पहिल्या पंधरवड्यातच ऐकलं. मग साडेसहाची मीटिंग, मग आठचा रिपोर्ट, आणि घरी व्हिडिओ कॉल लावेपर्यंत मुलगी पेंगुळलेली. ती गणिताची वही कॅमेऱ्यासमोर धरायची, तीही इतकी जवळ की नुसत्या निळ्या रेघा दिसायच्या.

म्हणून खोली घेणाऱ्यांना माझं सांगणं असतं, रुजू होतानाच संध्याकाळची वेळ जाहीर करा. घरच्या कॉलची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरवर टाका आणि पहिले दोन महिने ती एकदाही मोडू देऊ नका. नंतर ती लोकांच्याही अंगवळणी पडते. हे जमणार नसेल, तुमच्या साहेबांचा स्वभाव ते चालवून घेणारा नसेल, तर खोली घेऊन वाचलेला वेळ ऑफिसच्याच खात्यात जमा होईल.

घरातलं कोण काय उचलतं

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. त्यामुळे नोकरी बाईची आहे की पुरुषाची, यावर उत्तर बदलतं.

बाई अप-डाऊन करते तेव्हा घरकाम तिच्या मागे लागतंच. पहाटे साडेचारला कुकर, रात्री नऊला ओटा. ती रोज घरी येते म्हणून घरात कोणी नवं काही शिकत नाही. मी परळला गेले तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा नवऱ्याने भाजीवाल्याचा हिशोब ठेवला, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर त्याचा नंबर गेला आणि पालकसभेला तो एकटा गेला. हे सगळं मी घरात असताना होऊ शकलं असतं, पण झालं नव्हतं.

पुरुष खोली घेऊन राहतो तेव्हा चित्र फिरतं. बायको पाच दिवस एकटीने नोकरी, मुलं आणि सासू-सासरे सांभाळते, आणि शनिवारी नवरा दमून, धुवायच्या कपड्यांची बॅग घेऊन येतो. अशा घरांत रोज रात्री उशिरा का होईना, दुसरं मोठं माणूस येणं फार मोलाचं असतं. बायकोला नीट विचारा, आणि ‘जमवेन मी’ एवढ्यावर समाधान मानू नका.

मूल अगदी तान्हं असेल तर आणखी एक अडचण. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची केली, आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभाही दिली. चांगला कायदा आहे. पण पाळणाघर मुंबईच्या ऑफिसजवळ आणि बाळ १९२ किलोमीटरवर पुण्यात, तर त्याचा उपयोग शून्य. तान्ह्या बाळाच्या आईला मी अप-डाऊनही सुचवत नाही आणि एकटीने खोली घेणंही नाही. बाळासकट मुंबईला जा, किंवा रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून घ्या.

पाऊस आणि आजारपण

२०१९ च्या पावसाळ्यात घाटात दरडी कोसळल्या आणि पुणे-मुंबई गाड्या कित्येक दिवस रद्द राहिल्या. एरवीही जुलै-ऑगस्टात थोडंफार असं होतंच. अप-डाऊन करणाऱ्याने तेवढ्या रजा राखून ठेवाव्यात. खोलीत राहणाऱ्याची नोकरी पावसात सुरळीत चालते, त्याचा फक्त शनिवार-रविवार बुडतो.

आजारपणात मात्र अप-डाऊन सरस. दिवसा दोघंही घरापासून तितकेच लांब असतात, पण पोरांचा ताप चढतो तो रात्री, आणि रात्री अप-डाऊनवाला घरी असतो. शिवनेरी मिळाली तरी दादरहून पुण्याला साडेतीन-चार तास लागतातच.

पैशांचं थोडक्यात सांगते. खोलीचं भाडं आणि डिपॉझिट यांच्यापुढे रेल्वेचा पास किरकोळ आहे. पैशांकडे बघून ठरवायचं तर अप-डाऊनच निघेल, पण फक्त पैशांकडे बघू नका.

मग काय करावं?

आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जायचं असेल तर बेलाशक अप-डाऊन करा, त्यासाठी खोली अडकवू नका. पाचही दिवस जायचं असेल आणि वेळेत सवलत मिळणार नसेल, तर खोली घ्या. पण ती वर्षभराची सोय समजूनच घ्या. आठवड्याचं बिऱ्हाड अनेक वर्षं चालवणारी घरं मी जवळून पाहिलीत. शनिवारी आलेल्या माणसाला मुलं हळूहळू पाहुण्यासारखं वागवायला लागतात, आधी आईला विचारतात आणि मग बाबांना सांगतात. वर्षानंतरही नोकरी तीच ठेवायची असं ठरलं, तर बिऱ्हाड हलवा, नाहीतर पुण्यात काम शोधा. ठाणे, कल्याण, पनवेल या बाजूला घर घेतलं तर लोकलचा प्रवास उरतोच, पण संध्याकाळी जेवायला सगळे एका ताटाशी असतात. जोडीदाराची पुण्यातली नोकरी आणि आईवडिलांचं वय, या दोन गोष्टींवर हा मार्ग अडतो, आणि त्याला माझ्याकडेही सोपं उत्तर नाही.

खोलीचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा होतो, तो नोंदणी करूनच घ्या. तो संपेपर्यंत थांबून मग विचार करायला बसू नका. मुंबईकडच्या चांगल्या शाळांचे प्रवेश जून उजाडायच्या बरेच महिने आधी भरतात, तेव्हा मुलं शाळेत असतील तर दिवाळीच्या सुट्टीतच दोघांनी बसून पुढच्या वर्षाचं ठरवा.