वेबसाइटची देखभाल : घरचा माणूस, वार्षिक करार की भाड्याचा प्लॅटफॉर्म?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा कारखानदार असो, दांडिया बाजारातला फराळाचा व्यापारी असो किंवा अलकापुरीतला दंतवैद्य असो, वेबसाइट बहुतेकांनी एकदा करून घेतलेली असते. ती करून देणाऱ्याचे शेवटचे बिल चुकते झाले की पुढे तिच्याकडे कोणी पाहायचे, हे मात्र ठरलेले नसते. ठरवायला बसले की तीन मार्ग समोर येतात. कार्यालयातल्याच एखाद्याकडे, म्हणजे घरच्या माणसाकडे, हे काम सोपवायचे, गावातल्या एजन्सीशी वार्षिक देखभालीचा करार म्हणजे एएमसी करायची, किंवा आहे ते गुंडाळून शॉपिफाय, विक्स अशा, तयार साइट मासिक भाड्याने चालवू देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचे.

‘बिघडली की बोलावू’ हा चौथा मार्ग सर्वांत लोकप्रिय आहे, तरी तो या तुलनेत घेतलेला नाही, कारण वेबसाइट बिघडल्याचे मालकाला सहसा सर्वांत शेवटी कळते. चौकशीचा फॉर्मच पाहा. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून आपल्याकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळख पटवणारी व्यवस्था सक्तीची केली. ज्या जुन्या वेबसाइटवर ती कधी बसवलीच नाही, तिच्या फॉर्ममधून निघालेले मेल स्पॅममध्ये पडतात किंवा परत फिरतात. फॉर्म भरणाऱ्याला ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असे दिसते, मालकाला काहीच मिळत नाही, आणि पुण्याहून चौकशी करणारा ग्राहक चार दिवस वाट पाहून राजकोटच्या कारखान्याला ऑर्डर देऊन मोकळा होतो. वेबसाइट या काळात व्यवस्थित उघडत असते, त्यामुळे बोलावण्याची वेळ आली आहे हे कोणालाच कळत नाही.

तीन मार्गांतला खरा फरक अपडेटच्या कामात दिसतो. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरची साइट म्हणजे मूळ प्रणाली, तिच्यावरची थीम म्हणजे साइटचे रूप, दहा-वीस प्लगइन म्हणजे वरून बसवलेल्या जादा सोयी आणि या सर्वांच्या खाली चालणारी पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा असे थर असतात, आणि प्रत्येक थराचे वेळापत्रक वेगळे असते. मूळ प्रणालीचे किरकोळ सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. प्लगइनसाठी ती सोय २०२० मध्ये आली, पण ती मालकाला चालू करावी लागते. पीएचपी ७.४ या आवृत्तीला सुरक्षा अपडेट मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले. तिच्यासाठी लिहिलेली जुनी थीम आजही अनेक ठिकाणी चालू असते, आणि जिच्या सर्व्हरवर साइट ठेवलेली असते त्या होस्टिंग कंपनीने एके दिवशी आवृत्ती बदलली की समोर कोरे पांढरे पान येते. अपडेट करावे तर काहीतरी मोडते आणि न करावे तर चोरांना दार उघडे राहते, अशा कात्रीत सापडलेला घरचा माणूस बहुधा काहीच न करणे पसंत करतो; त्याला दोष देता येत नाही, कारण त्याचे मूळ काम हिशेबाचे किंवा विक्रीचे असते. चांगली एजन्सी आधी साइटची नक्कल वेगळ्या पत्त्यावर उभी करून अपडेट तपासते आणि मग खऱ्या साइटवर लावते. कराराचे पैसे प्रामुख्याने या एका सवयीसाठी द्यायचे असतात. प्लॅटफॉर्मवर मूळ प्रणालीची चिंता उरत नाही, पण वरून जोडलेल्या ॲपची उरते.

उशीर किती महागात पडतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे आहे. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील छिद्र बुजवणारे अपडेट मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाले होते. कंपनीने ते सर्वत्र लावले नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. ज्या कंपनीकडे सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग होता तिची ही गत झाली.

साइट सुरक्षित असल्याची ब्राउझरला खात्री देणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राबाबत घरच्या माणसाची बाजू आता आणखी लंगडी होत आहे. पूर्वी वर्षातून एकदा प्रमाणपत्र विकत घेऊन हाताने चढवले की भागत असे. मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवसांवर आली आणि मार्च २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर यायची आहे, म्हणजे हे काम आपोआप होणारी व्यवस्था बसवण्यावाचून गत्यंतर नाही. विसरण्याच्या बाबतीत कोणी मोठे नसते; फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे काही तास बंद पडले होते. प्लॅटफॉर्मवर हा विषयच येत नाही. एजन्सीच्या करारात तो लेखी असावा.

किल्ल्या कोणाकडे, या प्रश्नावर मात्र पारडे उलटे झुकते. डोमेन म्हणजे साइटचे इंटरनेटवरचे नाव कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, होस्टिंगचे खाते कोणाच्या नावाने आहे, याची उत्तरे घरच्या माणसाकडे निदान आपल्या चार भिंतींत असतात. एजन्सीच्या बाबतीत नेहमी आढळते ते असे की डोमेन तिनेच आपल्या खात्यातून घेतलेले असते. संबंध बिघडले किंवा तिने धंदा बंद केला की स्वतःच्याच नावाच्या पाटीसाठी मालकाला विनवण्या कराव्या लागतात. करार कोणाशीही करावा, डोमेन व्यवसायाच्या नावावर आणि मालकाच्या ताब्यातल्या ईमेलवरच असावे, यात तडजोड नको. प्लॅटफॉर्मवर बाहेर पडण्याची अडचण असते : शॉपिफायमधून उत्पादनांची यादी फाइलरूपाने बाहेर काढता येते, पण विक्सवरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, ती नव्याने बांधावी लागते.

बॅकअपविषयी बडोदेकरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत आणि दुकानांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आणि त्यांच्या शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडू शकते हे सर्वांना दिसले. घरच्या व्यवस्थेत बॅकअप बहुतेक वेळा त्याच टेबलावर असतो. एजन्सी तो त्याच सर्व्हरवर ठेवत असेल तर तेही तितकेच व्यर्थ आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची साइट आणि बॅकअप दोन्ही गेले. प्लॅटफॉर्म स्वतःची यंत्रणा सांभाळतो, परंतु आपल्याच माणसाने चुकून खोडलेली दोनशे उत्पादने परत आणून देण्याची जबाबदारी तो सहसा घेत नाही.

पैशाची तुलना लोक सर्वांत आधी करतात, वास्तविक तिच्यात फारसा दम नाही. घरचा माणूस फुकट नसतो, त्याचे तास जातात. करारावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत व्यवसायाला सामान्यतः त्याचे क्रेडिट मिळते, म्हणजे स्वतःच्या करातून तो वळता करता येतो. प्लॅटफॉर्मचे भाडे थोडे वाटते, पण त्यावर प्रत्येक ॲपचे वेगळे भाडे चढत जाते. आणि ग्राहकांची माहिती फुटली तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा जबाबदारी व्यवसायाचीच धरतो, कंत्राटदाराकडे बोट दाखवता येत नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

माझे मत असे की दहा पानांची माहितीपर साइट असलेल्या कारखान्याने एएमसीच्या फंदात पडू नये. त्याने साइट साधी करावी, नको असलेले प्लगइन काढून टाकावेत किंवा सरळ प्लॅटफॉर्मवर जावे, आणि मजकूर बदलण्यापुरता घरचा माणूस नेमावा. फराळाच्या व्यापाऱ्यासारख्या ठरावीक मालाची थेट विक्री करणाऱ्याला प्लॅटफॉर्म सोयीचा पडतो. ज्यांची साइट टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडलेली आहे, ज्यांचे डीलरनिहाय वेगळे दर आहेत किंवा ज्यांच्याकडे रुग्णांची नोंद साठते, त्यांना एजन्सीशी करार करण्यावाचून पर्याय दिसत नाही. पूर्णपणे घरच्या माणसावर विसंबायचे तर तशी माणसे दोन हवीत, नाहीतर तो रजेवर गेला की साइटही रजेवर जाते.

करार करायचा ठरलाच तर नवरात्राच्या तोंडावर करू नये. त्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत ऑर्डरची गर्दी असते आणि चालत्या साइटला हात लावणे धोक्याचे ठरते. लाभपाचमीला दुकाने उघडल्यानंतर कामाला लागावे. सहीपूर्वी एजन्सीला तिच्या एखाद्या चालू ग्राहकाच्या संमतीने मागच्या महिन्याचा बॅकअप वेगळ्या पत्त्यावर उभा करून दाखवायला सांगावे, आणि त्यासाठी ती दोन दिवस मागत असेल तर ते खुशाल द्यावेत.