स्वयंसेवी संस्थेसाठी सल्लागार : चौदा महिन्यांच्या कामाचे परीक्षण

आमची संस्था मुलांच्या वाचनासाठी काम करते. बारा वर्षांत एका अभ्यासिकेच्या 11 अभ्यासिका झाल्या आणि चार कार्यकर्त्यांचे 36 झाले, परंतु निर्णय घेण्याची रीत मात्र चौघांच्या काळातलीच राहिली होती. कोणत्या केंद्राला कोणती पुस्तके पाठवायची इथपासून कोणत्या देणगीदाराला काय उत्तर द्यायचे इथपर्यंत प्रत्येक बाब आमच्या संस्थापक ताईंच्या हातून जात असे, आणि त्या आठवडाभर आजारी पडल्या की संस्थाही तितके दिवस थांबत असे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी विश्वस्त मंडळाने व्यावसायिक सल्लागार नेमण्याचा निर्णय घेतला. मंडळाची सचिव या नात्याने हे सगळे काम मी अगदी जवळून पाहिले. ज्या संस्था असाच निर्णय घेण्याच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. सल्लागार कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही.

आमच्याकडे तीन प्रस्ताव आले होते. पहिल्यात शुल्काऐवजी मिळवून दिलेल्या निधीतील ठरावीक टक्का मागितला होता. पैसे आले तरच द्यायचे असल्यामुळे काही विश्वस्तांना तो आकर्षक वाटला, पण आम्ही तो नाकारला आणि त्याचे मला आजही समाधान आहे. निधी संकलकांच्या ‘असोसिएशन ऑफ फंडरेजिंग प्रोफेशनल्स’ या संघटनेची आचारसंहिता आपल्या सदस्यांना देणगीच्या टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई करते, आणि त्यामागचे कारण सरळ आहे : ज्याची कमाई देणगीच्या आकड्यावर ठरते, त्याला ती देणगी संस्थेच्या उद्दिष्टाशी जुळते की नाही हे पाहण्यात रस उरत नाही. दुसऱ्या प्रस्तावात एकही केंद्र न पाहता पाच वर्षांचा आराखडा तयार होता. तिसऱ्यांनी आराखडा दिलाच नाही. त्यांनी मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागितले आणि ताईंच्या अनुपस्थितीत कार्यकर्त्यांशी बोलण्याची परवानगी मागितली. आम्ही त्यांना निवडले.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग पहिल्या दोन महिन्यांतच घडला, आणि तो हिशेबाच्या वह्यांमध्ये घडला. आमचा प्रशासकीय खर्च केवळ आठ टक्के आहे, असे आम्ही देणगीदारांना मोठ्या अभिमानाने सांगत असू. सल्लागारांनी आमच्या लेखापालासोबत तीन आठवडे बसून प्रत्येक खर्च कोणत्या उपक्रमासाठी होतो याची पुन्हा मांडणी केली. समन्वयकाचा प्रवास आणि वेळ, पुस्तके ठेवण्याच्या खोलीचे भाडे, नव्या शिक्षकांचे प्रशिक्षण, हिशेब लिहिणाऱ्याचे वेतन यांपैकी काहीही आम्ही अभ्यासिकेच्या खर्चात धरत नव्हतो. हे सर्व धरल्यावर एका अभ्यासिकेचा पूर्ण खर्च आम्ही देणगीदाराकडे मागत असलेल्या रकमेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक निघाला. नवे केंद्र म्हणजे प्रगती, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या केंद्रामागे सर्वसाधारण निधीला नवे भगदाड पडत होते आणि ते कार्यकर्त्यांचे पगार रखडवून बुजवले जात होते.

ही केवळ आमची चूक नव्हती, हेही त्यांनी समजावून सांगितले. देणगीदार अवास्तव कमी प्रशासकीय खर्चाची अपेक्षा ठेवतात, संस्था त्या दबावाखाली खर्च कमी दाखवतात आणि खरोखरच कमी करतात, मग ते कमी आकडे पाहून अपेक्षा अधिकच घट्ट होतात; या चक्राला अभ्यासकांनी 2009 मध्ये उपासमारीचे चक्र म्हटले होते. 2013 मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या संस्थांची माहिती व मानांकने देणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून कोणत्याही संस्थेची पारख करू नये, असे आवाहन केले. ही माहिती व्याख्यानातून मिळाली असती तर आम्ही माना डोलावून विसरून गेलो असतो. आमच्याच खतावणीतले आकडे समोर ठेवून ती सांगितली गेली, म्हणून ती मनात रुतली.

त्यानंतर देणगीदारांशी बोलायचे होते. ही पत्रे सल्लागारांनीच लिहावीत, असा आमचा आग्रह होता. त्यांनी ठाम नकार दिला. त्याऐवजी त्यांनी आमच्या दोन कार्यकर्त्यांकडून या संभाषणाची चार वेळा तालीम करून घेतली. सात प्रमुख देणगीदारांपैकी तिघांनी पूर्ण खर्च देण्याचे मान्य केले, दोघांनी विचार करतो असे सांगितले आणि दोघांनी नकार दिला. आम्ही ठरलेली दोन नवी केंद्रे उघडली नाहीत. संस्थेची वाढ व्हावी म्हणून नेमलेल्या सल्लागाराने वाढ थांबवण्याचा सल्ला द्यावा, हे काही विश्वस्तांना पटले नाही, परंतु त्या वर्षी पहिल्यांदाच सर्वांचे पगार बाराही महिने वेळेवर झाले.

दुसऱ्या टप्प्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. ‘थिअरी ऑफ चेंज’ म्हणजे आपल्या कामातून बदल नेमका कोणत्या पायऱ्यांनी घडतो, याची मांडणी. या टप्प्यात दोन दिवसांची कार्यशाळा झाली. ही पद्धत 1990 च्या दशकात रुजली, आणि त्याआधी 1969 मध्ये अमेरिकी मदत यंत्रणा यूएसएडसाठी तयार झालेला लॉगफ्रेमचा, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टे, कामे आणि ती मोजण्याच्या खुणा एका चौकटीत मांडणारा, तक्ता आजही अनेक अनुदान अर्जांत मागितला जातो. त्यामुळे दोन्हींची ओळख असणे आवश्यकच आहे. मात्र पहिल्या दिवशी निष्पत्ती, परिणाम आणि प्रभाव यांतील भेद सांगण्यात इतका वेळ गेला की, केंद्रांवर रोज मुलांसोबत बसणारे कार्यकर्ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सल्लागारांनी तक्ता बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला : आपले काम झाले असे तुम्हाला कधी वाटते? एक कार्यकर्ती म्हणाली, “मूल पुस्तक परत करायला येतं आणि ‘आता दुसरं द्या’ म्हणतं, तेव्हा.” त्या वाक्यावर पुढची सगळी नोंदपद्धती उभी राहिली. पूर्वी आम्ही महिन्याला 41 रकाने भरत होतो. आता सहा भरतो, आणि त्यांतला पहिला रकाना मुलाने स्वतःहून मागितलेल्या पुस्तकाचा आहे. सुरुवातच त्या प्रश्नाने झाली असती, तर एक दिवस आणि कार्यकर्त्यांचा थोडा संकोच वाचला असता.

आता तक्रारी. संस्थापकांनंतर संस्थेची धुरा कोण सांभाळणार, हा विषय सल्लागारांनी ताईंशी आधी न बोलता थेट मंडळाच्या बैठकीत पडद्यावर मांडला. सूचना योग्य होती. खर्चाच्या मर्यादा आणि निर्णयांचे अधिकार कोणाकडे असावेत याचा तक्ता तर आम्ही आजही वापरतो. परंतु ज्या व्यक्तीने बारा वर्षे संस्था जगवली, तिला तिच्या निवृत्तीचा विषय सर्वांदेखत कळावा, ही गंभीर चूक होती. ताई त्या बैठकीत काही बोलल्या नाहीत आणि नंतर दोन महिने त्यांनी या कामापासून स्वतःला दूर ठेवले. प्रमुख सल्लागारांनी पुढे घरी जाऊन दिलगिरी व्यक्त केली, हे नमूद करणे न्याय्य होईल. तरीही तो विषय आजपर्यंत पुढे सरकलेला नाही.

देणगीदारांच्या नोंदींसाठी बसवून दिलेली संगणक प्रणाली आमच्या गरजेपेक्षा फार मोठी होती आणि आम्ही ती चार महिन्यांत सोडून दिली. अंतिम अहवाल 94 पानांचा होता; त्यातली पूर्ण खर्च, राखीव निधी आणि अधिकारवाटपाची पाने सोडल्यास बाकीचे कोणी पुन्हा उघडल्याचे मला आठवत नाही. राखीव निधीबाबत मात्र त्यांनी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाचा प्रचलित निकष सांगून न थांबता, कोणती देणगी कोणत्या महिन्यात येते हे पाहून आमच्यासाठी चार महिन्यांचे लक्ष्य ठरवले. त्यासाठी अटी नसलेली देणगी मागायला आम्ही शिकलो, कारण प्रकल्पाला बांधलेल्या निधीतून राखीव निधी उभा राहत नाही.

करारात काम संपल्यानंतर केवळ दोन भेटी होत्या, आणि त्या पहिल्या तीन महिन्यांतच संपल्या. सहाव्या महिन्यात आमचे लेखापाल नोकरी सोडून गेले. पूर्ण खर्चाची मांडणी त्यांनाच येत होती, त्यामुळे ती पुन्हा शिकताना आमची फार ओढाताण झाली. असा करार करणाऱ्यांनी या भेटी वर्षभरात विभागून घ्याव्यात आणि प्रत्येक नवी पद्धत किमान दोघांना शिकवण्याची अट लेखी घालावी. आणखी एक सूचना : काम सुरू होण्यापूर्वी आपल्या एका जाणत्या कार्यकर्त्याचा आठवड्यातला किमान एक दिवस यासाठी मोकळा ठेवावा. आम्ही तो ठेवला नव्हता, आणि पहिल्या महिन्यातली निम्मी कागदपत्रे त्यामुळेच उशिरा पोहोचली.

ज्यांचे हिशेब वेळेवर होत नाहीत किंवा ज्यांना केवळ अनुदानाचा अर्ज लिहून हवा आहे, त्यांनी या सेवेवर खर्च करू नये. ज्या संस्था वाढल्या आहेत, पण वाढताना धापा टाकत आहेत, त्यांना मी ती उणिवांसकट सुचवीन. पुढील वर्षी आम्ही त्याच सल्लागारांना पुन्हा बोलावत आहोत, फक्त संस्थेच्या पुढील नेतृत्वाच्या प्रश्नासाठी. पहिली बैठक ताई आणि प्रमुख सल्लागार या दोघांचीच होईल, आणि विषयपत्रिका ताई ठरवतील.