आठ महिने पिशवीत ठेवलेला वेताळ

कॉमिक्ससाठी मायलारच्या, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच्या पिशव्या आणि आम्लमुक्त पुठ्ठे जूनमध्ये मागवले. आता फेब्रुवारी संपत आला. घर सांगलीच्या गावभागात, त्यामुळे ओलीची परीक्षा आपोआपच झाली.

घेण्याचं कारण एक फजिती. मामाकडून आलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे पस्तीस अंक एका विक्रेत्याला दाखवले होते. मुखपृष्ठं झकास, वेताळाचा, म्हणजे फँटमचा, जांभळा पोशाख तस्सा. गड्याने अंक मधोमध उघडला, हुंगला, पानाचा कोपरा उजेडात धरला आणि माझ्या मनातल्या रकमेच्या निम्म्यालाही न पोहोचणारा आकडा सांगितला. तेव्हा चिडलो. आता पटतं.

ही कॉमिक्स स्वस्त कागदावरची. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य उजेड आणि हवा लागून पिवळं पडतं, कागदातलं आम्ल धागे तोडतं, मग कडांचा भुगा होतो. अमेरिकेत सीजीसी ही संस्था अंकाला १० पैकी दर्जा देते आणि पानं पांढरी, मळकट पांढरी, क्रीम की ठिसूळ हे लेबलवर वेगळं लिहिते. २०१४ मध्ये १९३८ च्या अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची ९.० दर्जाची प्रत ३२ लाख डॉलरला गेली, तिची पानं पांढरी होती. आम्ही हळदीच्या पेठेतली माणसं, पिवळ्याच्या छटा आम्हाला कुणी शिकवायला नकोत. पण कॉमिक उघडून कधी बघितलं नव्हतं.

आता पिशव्यांबद्दल. फिल्म कडक, काचेसारखी स्वच्छ. साध्या प्लॅस्टिकसारखी चिकटत नाही. दोन अंक मुद्दाम कपाटात उघडे ठेवले होते. श्रावण सरेपर्यंत त्यांना कुबट वास आला आणि पिनांभोवती तांबूस डाग उमटले. पिशवीतले बरे राहिले. पिवळेपणा मात्र एका छटेनेही कमी झाला नाही. होणारही नव्हता, पण मनात वेडी आशा होती.

चूक माझी एक. काही अंक ऐन जुलैत भरले. २०१९ च्या महापुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा खोकं माळ्यावर होतं म्हणून वाचलं, पण भिंतींची ओल त्याने बरीच प्यायली होती. ती ओल पिशवीत कोंडली. सगळे बाहेर काढून पंख्याखाली वाळवले, उन्हात नाही. भरायचेच तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत भरा.

मापाचाही घोळ आहे. अमेरिकन मापाच्या पिशवीत अमर चित्रकथा रुंदीला अडते. रेटून घातलीत तर कोपरा दुमडतो, आणि पैसे तिथेच जातात. मोठं माप घ्या, महाग पडलं तरी.

मामाने बारा अंक बाइंडिंग करून घेतले होते. बाइंडरने कडा छान समान कापल्या. संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत तिथेच बसली, आता मायलारही काही करू शकत नाही. तो खंड भाच्याला दिलाय. काल त्याने खुणेसाठी पान दुमडलं, मी काही बोललो नाही.