बासरच्या बुकिंगमध्ये १८,९०० रुपये गेले

लेकीने पहिलं अक्षर बासरच्या सरस्वतीसमोर गिरवायचं, हे सासूबाई बोलल्या होत्या. गुहागरहून चिपळूण, पनवेल, कल्याण आणि पुढे देवगिरी एक्स्प्रेसने तेलंगणात. एवढा प्रवास, सोबत म्हातारं माणूस, त्यात वसंत पंचमीची गर्दी. खोली आधी ठरवली यात माझं काय चुकलं?

मोबाइलवर भक्तनिवास म्हणून पहिलं आलं ते उघडलं. देवीचा फोटो, गोदावरीचा घाट, खाली व्हॉट्सॲप नंबर. माणूस चांगलं मराठी बोलत होता. दोन रात्रींचे २,४००, विशेष अक्षराभ्यासाचे १,५०१, परत मिळणारं डिपॉझिट ५,०००.

क्यूआर स्कॅन केल्यावर देवस्थानचं नाव आलंच नाही. कुणा माणसाचं नाव, पुढे ‘मोबाइल शॉपी’. मी ते वाचलं. अंगठा थांबलासुद्धा. विचारलं तर म्हणे, “ताई, ट्रस्टचं खातं ऑडिटमध्ये आहे, हे आमच्या खजिनदारांचं.” आणि मी ८,९०१ पाठवले. मी पतपेढीत कॅशवर बसते हो! स्लिपवरचं नाव जुळलं नाही तर लोकांना परत पाठवते. ते नाव अजून झोपू देत नाही. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा, समोरचा काहीही सांगो.

बासरला खिडकीवर कळलं, असं बुकिंगच नाही. लेक खांद्यावर झोपलेली, तिची नवी पाटी सासूबाईंच्या पिशवीत. संतापून त्याला फोन केला. “सिस्टीमची चूक, रिफंडचा क्यूआर पाठवतो.” स्कॅन केला, पिन टाकला, आणखी ९,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. पण दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता.

अक्षराभ्यासाची पावती शेवटी देवस्थानच्या खिडकीवर रांगेत उभं राहून मिळाली. तुम्हीही तिथेच घ्या.

गावी येऊन पोलीस ठाण्यात गेले. “गुन्हा तिकडचा, तिकडे तक्रार द्या.” का? पैसे तर इथल्या खात्यातून गेले! अर्ज घ्यायला तीन खेपा, वर “शिकलेल्या ना तुम्ही?” बँकेत साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पुढच्या खात्यातले पैसे गोठवता येतात, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. भाच्याने सांगितलं, सहाव्या दिवशी. तुम्ही आधी १९३० लावा, ठाण्यात मग जा.

त्या भामट्याचा नंबर मी हवालदारांना दाखवला तेव्हा चालू होता. काल पाहिला, अजून चालू आहे.