'ओरिजिनल पार्ट' घातलेली माझी मस्टँग

जुनी अमेरिकन कन्व्हर्टिबल (कापडी टप उघडणारी गाडी) कुणाकडे रिस्टोअर करायला देणार असाल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. डेट्रॉईटकडे राहणाऱ्यांनी तर वाचाच, कारण इथे गल्लोगल्ली असे कारागीर आहेत. त्यांतले बरेचसे चोखही आहेत.

माझी गाडी १९६५ची फोर्ड मस्टँग, इथल्याच डिअरबॉर्नच्या कारखान्यात बनलेली. गाडी घेताना मला कुणी फसवलं नाही, गाडी खरी होती. ती खरी होती म्हणूनच गॅरेजवाल्याला तिच्यात रस वाटला.

खरी कशी, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड आकड्यांचीच आहे. हूड उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. माझा '५एफ०८सी' असा सुरू होतो. पाच म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्न, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल आणि सी म्हणजे दोन बॅरल (हवा जायच्या दोन नळ्या) असलेल्या कार्बोरेटरचं २८९ घन इंचांचं इंजिन. तिथे ०७ असेल तर गाडी जन्माने हार्डटॉप, म्हणजे पक्क्या पत्र्याच्या छपराची, मग तिच्यावर कापडी टप कितीही झोकात बसवलेलं असो. दारावरच्या पाटीवर भरवसा ठेवू नका, हव्या त्या आकड्यांची नवी पाटी करून मिळते. माझ्या पाटीवर तारीख '१६सी', म्हणजे १६ मार्च १९६५. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा कारखान्यातल्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट पैसे भरून मागवता येतो, पण १९६५-६६च्या गाड्यांना ती सोय नाही. पत्र्यावर ठोकलेले आणि बिडात ओतलेले आकडे, एवढाच आपला पुरावा.

गॅरेज शहराबाहेर. मालक बोलायला गोड, भिंतीवर गाड्यांच्या प्रदर्शनांतल्या बक्षिसांच्या फिती. त्याचं एकच पालुपद होतं, "मी फक्त एनओएस घालतो." एनओएस म्हणजे न्यू ओल्ड स्टॉक, त्या काळी कंपनीनेच बनवलेला, पण कधीच न बसवलेला पार्ट. हा शब्द उच्चारला की किंमत तिप्पट झाली तरी माणूस वाद घालत नाही. पार्टचे पैसे मात्र त्याला पेपालवरून 'फ्रेंड्स अँड फॅमिली' करूनच हवे होते, का तर म्हणे फी वाचते. फी वाचते हे खरंच, पण तशा पैशांना खरेदीचं संरक्षण मिळत नाही. धंदेवाईक माणूस तुम्हाला 'फॅमिली' म्हणायला लागला की सावध व्हा.

गाडी परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. आमच्या मंडळातले एक काका बघायला आले. त्यांची सगळी नोकरी इंजिन प्लांटमध्ये गेलेली. बायको चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी हूड उघडून एअर क्लीनर काढलासुद्धा.

"अरे, हा कार्बोरेटर तुझा नाही."

"टॅग बघा ना काका, बरोबर आहे."

"टॅग एका स्क्रूवर बसतो. तो काय, कुठेही मिळतो. हे वाच."

ऑटोलाइटच्या दोन बॅरलच्या कार्बोरेटरवर बाजूला एका गोलात व्हेंचुरीचं, म्हणजे हवा जायच्या नळीच्या अरुंद गळ्याचं, माप ओतलेलं असतं. तिथे १.२१ होतं, म्हणजे हा कुठल्यातरी मोठ्या इंजिनाचा. गाडी देताना मी काढलेल्या फोटोंशी मग आम्ही एकेक पार्ट ताडून पाहिला. माझ्या ऑल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर) '५बी'ने सुरू होणारी तारीख होती, म्हणजे फेब्रुवारी १९६५, गाडीच्या आधी महिनाभर, जशी असायला हवी तशीच. आता बसवलेल्यावर '६ए'. मार्च १९६५च्या गाडीत जानेवारी १९६६चा ऑल्टरनेटर, आणि बिलावर शब्द 'मूळचाच, साफ करून बसवला'. महिन्यांची अक्षरं ए पासून एम पर्यंत, मधला आय वगळून. एवढं पाठ असलं तरी पुरे.

थोडक्यात, खरे पार्ट काढून घ्यायचे, मिळेल ते बसवायचं आणि वर पैसेही घ्यायचे. तारीख जुळणाऱ्या पार्टला प्रदर्शनात गाड्या उतरवणारे भरपूर मोजतात, त्यामुळे ते विकायला वेळ लागत नाही. गॅरेजवाल्याला विचारलं, तर म्हणाला जुने खराब झाले होते, भंगारात गेले. मिशिगनच्या १९७४च्या वाहन दुरुस्ती कायद्यात लेखी अंदाजपत्रक आणि बदललेले जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत देणं या दोन्ही गोष्टी आहेत. गाडी देतानाच 'काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा' असं लिहून सही घ्या. सहीला का कू करणारा माणूस तिथल्या तिथे कळतो.

डाव्या फेंडरची, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याची, गंमत वेगळी. त्याचा खोका गॅरेजवाल्याने मला मोठ्या कौतुकाने दाखवला होता: पिवळा पडलेला, लेबलावर सी५झेडझेड-१६००६. नंबर अगदी बरोबर. सी म्हणजे साठचं दशक, पाच म्हणजे वर्ष, पहिला झेड मस्टँगचा, दुसरा सर्व्हिस पार्टचा, आणि १६००६ म्हणजे डावं फेंडर. पण खोका साठ वर्षांचा आणि त्याची चिकटपट्टी परवाची. पुढे आतल्या कडेला रंगाखाली लेबलाचा चौकोन उमटलेला दिसला. खरवडल्यावर निघालं 'मेड इन तैवान'. तैवानचं फेंडर वाईट असतं असं मी म्हणत नाही, रोज चालवायच्या गाडीला मी स्वतः तेच घालीन. पण त्याच्याच भावात.

इथपर्यंतचं नुकसान पैशाचं आणि हौसेचं. ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट पुढची आहे.

कन्व्हर्टिबलला छप्पर नसतं, त्यामुळे गाडीचा सगळा भार खालचा सांगाडा पेलतो. म्हणून फोर्डने या गाडीत दाराखालचे आतले रॉकर (दाराखालून लांब जाणाऱ्या पोकळ पट्ट्या) जाड पत्र्याचे दिले, जोडीला टॉर्क बॉक्स (रॉकर आणि सांगाडा जोडणाऱ्या मजबूत पेट्या) आणि सीटखाली जादा पत्रा. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं आणि ते पहिल्यांदा हेच खातं. माझे रॉकर गेलेच होते, ते बदलायचं ठरलं होतं. बिलावर 'कन्व्हर्टिबलचे आतले रॉकर, दोन्ही बाजू' असं लिहिलेलं. बसवले हार्डटॉपचे, पातळ. वरून बाहेरचा पत्रा आणि रंग चढल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही.

कळलं ते काकांमुळे. त्यांनी एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचलली आणि मला दार लावायला सांगितलं. दार मागच्या कडेला वर घासलं. जमिनीवर असताना तेच दार नीट लागत होतं. म्हणजे गाडी मधोमध वाकत होती, आणि मागच्या सीटवर माझी मुलं बसणार होती. दुसऱ्या गॅरेजने खालून पत्रा कापून आतली जाडी मोजली, फोटो काढले आणि लेखी दिलं. तुम्ही कन्व्हर्टिबल घेत असाल किंवा काम करून परत घेत असाल, तर ही जॅकची चाचणी कराच. पाच मिनिटांचं काम आहे. मालक "रंग खराब होईल" म्हणाला, तर गाडी आहे तिथेच राहू द्या. आणि रॉकरचं काम चालू असताना, बाहेरचा पत्रा चढायच्या आत, स्वतः जाऊन बघून या. मधे एकदा बघायला येतो म्हटलं तेव्हा त्याने मला "इन्शुरन्सवाले परवानगी देत नाहीत" असं सांगितलं होतं.

रॉकरचं काम आता पुन्हा, योग्य पत्र्याने, दुसरीकडे चालू आहे. राज्याकडे तक्रार केली आहे. इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, ७,००० डॉलरपर्यंतचाच दावा लावता येतो. माझं नुकसान त्याहून मोठं असलं तरी वकिलाची फी बघता मी तोच रस्ता धरला. प्रकरण कोर्टात असल्यामुळे गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही. कागद पोचल्यावर मालकाचा फोन आला होता. निम्मे पैसे परत द्यायला तो तयार होता, अट एवढीच की यातलं काही कुठे लिहायचं नाही.