वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मोफत वकील: घ्यावा का?

घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी यांसाठी मुंबईत सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तो बिनदिक्कत घ्यावा. मात्र कागद जमवायचं काम पक्षकाराचंच. पुढ्यात कागद नसतील तर फी घेणारा वकीलही फार काही करू शकत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट नाही. चांगल्या पगाराची बाईही अर्ज करू शकते, हे अनेकींना ठाऊकच नसतं. 15100 या हेल्पलाइनवर अर्ज कुठे द्यायचा ते कळतं. सोबत आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पानभर हकिकत, तारखांसकट. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलाने पैसे मागायचे नसतात. मागितले तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. न पटल्यास वकील बदलूनही मागता येतो. शिवाय पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत महाराष्ट्रात महिलांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे.

वांद्र्याला दाव्याचा प्रकार अक्षरावरून कळतो: एकानेच मागितलेला घटस्फोट ‘ए’, संमतीचा ‘एफ’, मुलांचा ताबा ‘डी’, मुला-बायकोची पोटगी ‘ई’. नंबर पडला की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर (दाव्याची ऑनलाइन ओळख) लिहून घ्यावा, म्हणजे पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं ते) मोबाइलवर दिसतो, कुणाला फोन करावा लागत नाही. (पारशी जोडप्यांचा दावा इथे चालत नाही, तो उच्च न्यायालयातल्या पारशी विवाह न्यायालयात जातो.)

या न्यायालयाची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे विवाह समुपदेशक, तेही मोफत. तिथे मोकळेपणाने बोलावं. पण मुलाशी बोलून केलेला अहवाल न्यायाधीशांपुढे जाऊ शकतो, म्हणून मुलाला पढवून नेऊ नये. पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं आणि ताब्याच्या अर्जाला तेच नडतं. पाच वर्षांखालचं मूल हिंदू कायद्यात सहसा आईकडे राहतं; त्यापुढे मुलाचं हित बघितलं जातं, आईबापांचा हट्ट नाही.

पोटगीचं गाडं बहुतेकदा अडतं ते मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रावर. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथेवर द्यावे लागतात, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. ‘घरखर्च 40,000’ असा एकच आकडा लिहिला की समोरचा वकील त्याच्या चिंध्या करतो. त्याऐवजी शाळेची फी पावतीसकट, स्कूल व्हॅन, क्लास, औषधं, घरभाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल असं वेगवेगळं मांडावं. बँकेची आणि यूपीआयची स्टेटमेंट शक्यतो तीन वर्षांची काढावीत. नवऱ्याचा पगार माहीत नसेल तर कंपनीचं नाव, हुद्दा आणि कर्जाचे हप्ते तरी द्यावेत. त्यावरून न्यायालय पगारपत्रक मागवू शकतं. स्वतःची नोकरी मात्र लपवू नये. ती उघडी पडली की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

संमतीने घटस्फोटात मोफत वकिलाची खरी परीक्षा कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये असते, आणि घाईत तिथेच कच्चं काम होतं. ‘वडील सोयीनुसार भेटतील’ हे वाक्य पुढे अंमलात आणता येत नाही. पहिला आणि तिसरा शनिवार, 10 ते 6, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, पासपोर्टवर सही कोण करणार, शाळेची फी कोणत्या तारखेपर्यंत थेट शाळेत भरायची, रक्कम दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, हे सगळं लिहून हवं. हुकूमनाम्यापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून एकरकमी पैसे दोन टप्प्यांत ठेवावेत, शेवटचा डीडी दुसऱ्या वेळच्या जबाबाला. दोन जबाबांमधली सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ होते (सर्वोच्च न्यायालयाचा अमरदीप सिंग निकाल, 2017). त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आपोआप काही होत नाही.

पोटगीचा आदेश मिळाला तरी वसुली आपल्यालाच करावी लागते. पूर्वीचं कलम 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, त्याखाली थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत दोन वर्षं थांबलं की जुने महिने या मार्गाने हातचे जातात. दर सहा महिन्यांनी वसुली अर्ज टाकावा. नवरा तुरुंगात गेला म्हणून त्याची थकबाकी फिटत नाही.

उणी बाजू अशी की पॅनेलवरच्या वकिलाकडे कामाचा ढीग असतो, युक्तिवादाचा मसुदा शेवटच्या क्षणी होतो. तारखेच्या दोन दिवस आधी मसुदा मागून वाचावा, नावं आणि तारखा स्वतः तपासाव्यात. मूल परदेशात नेलेलं असेल, किंवा नवऱ्याचा पैसा कंपन्यांच्या शेअरमध्ये अडकवलेला असेल, तर कौटुंबिक दाव्यांतला जाणकार खाजगी वकील परवडेल तसा करावा. तेव्हा फी तारखेगणिक की ठोक, तारखेला स्वतः उभा राहणार की ज्युनिअर, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारावं, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.