जमिरोक्वाय: ‘अ फंक ओडिसी’ घ्यावा की ‘ऑटोमॅटन’?

लंडनच्या या ॲसिड जॅझ (जॅझ आणि फंक यांचा नाचता येईल असा मेळ) बँडचे सुरुवातीचे अल्बम ज्यांच्या संग्रही आहेत आणि ज्यांना आता त्याचा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताकडे झुकलेला एखादाच अल्बम घ्यायचा आहे, त्यांची निवड बहुधा २००१ च्या ‘अ फंक ओडिसी’ आणि २०१७ च्या ‘ऑटोमॅटन’ या दोहोंत अडते. माझीही तिथेच अडली होती.

पहिल्या ऐकण्यात ‘ऑटोमॅटन’ सरस वाटतो. सात वर्षांच्या खंडानंतर आलेला हा अल्बम बँडचा गायक जे के आणि कीबोर्डवादक मॅट जॉन्सन यांनी मिळून घडवला आहे आणि त्यातले सिंथेसायझरचे थर अतिशय निगुतीने रचलेले आहेत. शीर्षकगीतात जे केचा आवाज मुद्दाम यांत्रिक केला आहे. ते धाडस मला आवडते. लेकीसाठी लिहिलेले ‘कार्ला’ हे शेवटचे गाणेही मनापासून आलेले आहे.

मात्र हा अल्बम सलग ऐकताना मला कुठे विसावा मिळत नाही. एक भरगच्च गाणे संपते न संपते तोच तितकेच भरगच्च दुसरे सुरू होते आणि लय खऱ्या अर्थाने सैलावते ती थेट नवव्या ‘डॉक्टर बझ’मध्ये. गाणी सुटी ऐकणाऱ्याला हे जाणवणारही नाही. पण मी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, बहुतेकदा रात्री जेवणानंतर ऐकतो, आणि निम्म्यावर येईतो माझा हात आवाज कमी करण्याकडे जातो. एकेक गाणे चांगले असूनही असे व्हावे, याची मला खरोखर चुटपुट लागते. इतरांच्या कानांना कदाचित हे खटकणार नाही, पण माझा निर्णय याच एका गोष्टीने झाला.

‘अ फंक ओडिसी’मध्ये डिस्को आणि इलेक्ट्रॉनिक्स कमी नाहीत, पण गाण्यांचा क्रम जाणत्याने लावलेला आहे. ‘लिटल एल’ आणि ‘यू गिव्ह मी समथिंग’ या दोन नाचऱ्या गाण्यांनंतर लगेच ‘कॉर्नर ऑफ द अर्थ’ लॅटिन वळणाने संथपणे उलगडते आणि त्यामुळेच पुढच्या ‘लव्ह फुलोसफी’चा ठेका पुन्हा ताजा वाटतो. ‘ट्वेंटी झिरो वन’मध्ये यंत्रांचा सूर सर्वांत रांगडा होतो, आणि त्यालाच लागून ‘पिक्चर ऑफ माय लाइफ’ हे हळवे गाणे येते. शिवाय पहिल्या अल्बमपासून साथ देणारे कीबोर्डवादक टोबी स्मिथ यांचा हा बँडसोबतचा शेवटचा अल्बम. जुन्या जमिरोक्वायची ऊब यात टिकून राहिली, याचे श्रेय मी बऱ्याच अंशी त्यांना देतो. सीडीवर शेवटी शांततेनंतर एक लपवलेले गाणे सुरू होते, ते मात्र नसते तर बरे झाले असते.

घरी मित्र जमवून नाचायचे असेल किंवा कामावर जाता-येता दोन-तीन गाणी ऐकायची असतील, तर ‘ऑटोमॅटन’ अवश्य घ्यावा. सलग बसून ऐकणाऱ्याने आधी ‘अ फंक ओडिसी’ घ्यावा, असे मला वाटते.